परदेशी निघालेली गर्भवती आणि विम्याची तरतूद

मालाची एक पेटी परदेशी पाठवावयाची झाली, तरी तिचा विमा उतरविल्यावाचून आपण ती जहाजावर चढवीत नाही. मग मुलाच्या नोकरीनिमित्त घरची गर्भवती सून इंग्लंडला निघते, तेव्हा ही दक्षता कोठे जाते? प्रवास-विमा घेतला म्हणजे झाले, असे समजू नये. बहुतेक प्रवास-विम्यांतून बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो.

ब्रिटनचा नियम नीट समजून घ्यावा. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी सामान्यतः आरोग्य-अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तो वर्षाला १,०३५ पौंड आहे व संपूर्ण मुदतीचा अर्जाबरोबरच द्यावयाचा असतो. तो भरून व्हिसा मिळाला, की तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रसूतीचे वेगळे शुल्क पडत नाही. मात्र तीच सून पाहुणी म्हणून अल्पमुदतीच्या व्हिसावर गेली, तर ठरीव दराच्या दीडपट आकारणी होते. पैशांअभावी प्रसूतीची सेवा नाकारीत नाहीत, हे खरे. परंतु देणे माफ होत नाही. पाचशे पौंडांची बाकी थकली, तरी पुढील व्हिसा अडू शकतो.

विमान कंपन्याही सामान्यतः अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचा दाखला मागतात आणि छत्तिसाव्यानंतर गर्भवतीस घेत नाहीत. तेव्हा तिकिटापूर्वी व्हिसाचा प्रकार, अधिभार व दिवस यांचा मेळ घालावा. परक्या गावी पहिली कळ येईल, त्या घटकेला तिच्या मनात खर्चाची धास्ती नसावी, एवढी तरतूद करणे हे घरच्या वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.