अंगण वाकडं की क्यू वाकडी?

मित्रांनो, तुमच्या घरच्या कुऱ्हाडीचा दांडा कुठल्या लाकडाचा आहे, कधी विचारलंत? डहाणू-तलासरीकडे राहत असाल, तर गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना जरूर विचारा. साग महागाचा, तो दारं-खिडक्यांना. पण दांडा घालायचा किंवा खांद्यावरची कावड करायची म्हटलं, की धामणीचं नाव निघायची दाट शक्यता आहे. (ही धामण म्हणजे झाड, बरं का! शेतातले उंदीर खाणारी धामण वेगळी. झाडाला घाबरून पळू नका.) फालशाच्या कुळातलं हे झाड. त्याचं लाकूड मोठं चिवट. ओझ्यानं वाकतं आणि ओझं उतरलं की पुन्हा सरळ होतं. लाकडांच्या जुन्या माहितीपुस्तकांत धामणीचे उपयोग दिलेले असतात: हत्यारांचे दांडे, कावडी, वल्ही... आणि त्यातच एक नाव सापडतं, बिलियर्डची क्यू!

क्यू म्हणजे बिलियर्ड, स्नूकर आणि पूल या खेळांतली ती लांब, टोकाकडे निमुळती होत जाणारी काठी. टीव्हीवर पाहिली असेल, नाहीतर सुट्टीत एखाद्या हॉटेलात किंवा क्लबात हिरव्या-निळ्या कापडाच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली. गंमत पाहा. आपल्याकडे दांड्याला धामण, तसं इंग्लंडमध्ये हत्यारांच्या दांड्यांना अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड वापरत आले, आणि स्नूकरच्या क्यूही बहुतेक अ‍ॅशच्याच असतात. जे लाकूड दणका सोसतं आणि मोडत नाही, तेच खेळातही चालतं. अमेरिकेतल्या पूलच्या क्यूंना मात्र मेपल लागतं. ते अ‍ॅशपेक्षा गुळगुळीत, डोळ्यांना कमी रेघा दिसणारं.

आता मुख्य प्रश्न. पूल खेळायला लागलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी दुसऱ्याच दिवशी एक वाक्य बोलते, “क्यूच वाकडी आहे!” आणि महिन्याभरात घरी हट्ट सुरू होतो, “बाबा, मला स्वतःची क्यू घ्या.” नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आई-बाबा विषय मिटवतात. पण थांबा! भिंतीला महिनोन् महिने तिरकी टेकून ठेवलेली क्यू खरोखरच वाकते. म्हणून दोघांनीही आधी तपासून पाहावं.

क्यू टेबलावर आडवी ठेवा आणि तळहातानं हळूच लोळवा. टोक वर-खाली उड्या मारायला लागलं किंवा काठीखालून दिसणारी उजेडाची फट लहान-मोठी व्हायला लागली, तर क्यू वाकडी. दोन तुकड्यांची असेल तर तुकडे वेगवेगळे लोळवून पाहा. दोन्ही सरळ आणि जोडल्यावर वाकडी, म्हणजे दोष लाकडात नाही, जोडात आहे. दुसरी रीत बाण पारखणाऱ्या माणसाची. एक डोळा मिटायचा आणि जाड बाजूकडून टोकाकडे नजर लावायची.

हे झालं क्यूचं. आता हाताची परीक्षा. टेबलाच्या लांबीच्या मधल्या रेषेवर पांढरा चेंडू ठेवा, समोरच्या कडेवर सरळ मारा आणि मारल्यावर क्यू तिथेच ठेवा, हलवू नका. चेंडू कडेला आपटून पुन्हा क्यूच्या टोकालाच येऊन लागला पाहिजे. डावीकडे किंवा उजवीकडे गेला, तर तुम्ही चेंडू मधोमध मारलेला नाही. दहा वेळा मारून बघा आणि खरं खरं मोजा. आई-बाबांनो, क्यूचे पैसे देण्याआधी हा खेळ मुलांबरोबर तुम्हीही खेळून पाहा. दहापैकी दहा कुणाचेच येत नाहीत, त्यामुळे वातावरण हलकं होतं.

परीक्षा झाली आणि तरीही क्यू घ्यायचीच असेल, तर कारखान्यात बनलेल्या क्यूंमध्ये काय काय मिळतं ते पाहू. ‘रायली’ आणि ‘पेराडॉन’ ही इंग्लंडची जुनी नावं, दोघंही एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले. त्यांच्या अ‍ॅशच्या स्नूकर क्यूंचं टोक बारीक, साधारण ९ ते १० मिलिमीटर, त्यावर पितळेची टोपी. लाकडावर बाणाच्या टोकासारख्या रेघा उठून दिसतात आणि नेम धरताना डोळा आपोआप त्या रेघांवर जातो. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा आणि हलका, त्याला ही बारीक टिप शोभते. पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरहून थोडा मोठा आणि जडही. म्हणून पूलच्या क्यूची टिप १२-१३ मिलिमीटरची आणि वजन बहुधा १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. (जागतिक नियम २५ औंसांपर्यंत परवानगी देतो, पण इतकी जड क्यू कशाला?) स्नूकरची क्यू घेऊन पूल खेळता येतं, पण ब्रेकचा जोरदार फटका तिनं मारू नका. त्या बारीक टोकाचे हाल होतात.

अमेरिकेतल्या नावांत ‘मॅकडर्मट’चा फटका हाताला घट्ट लागतो, ‘म्यूची’चा मऊ आणि लवचिक. मऊ क्यूनं चेंडू जास्त फिरवल्यासारखा वाटतो. काहींना ते फार आवडतं. मला स्वतःला घट्ट क्यू बरी वाटते, कारण चूक झाली की ती हाताला लगेच कळवते. ‘क्यूटेक’नं लाकडावर फायबरग्लासचं वेष्टण चढवलं. लाकूडप्रेमी नाकं मुरडतात, पण पावसाळी हवेत हे वेष्टण उपयोगी पडतं. आणि २०२२ साली नऊ चेंडूंच्या पूलचा जगज्जेता झालेला अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग क्यूटेकनंच खेळत होता!

आता थोडं विज्ञान. चेंडूला उजव्या अंगाला फटका मारला, तर तो फिरतो हे खरं, पण त्याच वेळी नेमाच्या रेषेपासून किंचित डावीकडे ढकललाही जातो. का? टिप चेंडूला टेकलेली असते त्या क्षणात क्यूचं टोक आणि चेंडू एकमेकांना बाजूला लोटतात. टोक जितकं जड, तितका चेंडू जास्त सरकतो. टोक हलकं असेल तर तेच बाजूला होतं आणि चेंडू जवळपास सरळ जातो. हे ओळखून ‘प्रिडेटर’ कंपनीनं १९९० च्या दशकात ‘३१४’ नावाचा शाफ्ट काढला. कापलेल्या केकच्या तुकड्यांसारख्या मेपलच्या दहा फाका एकत्र चिकटवलेल्या आणि टोकाकडचा भाग आतून पोकळ. पुढे २०१६ साली त्यांनी कार्बनचा ‘रेव्हो’ आणला. तो पावसात वाकत नाही, फटक्याचा आवाज मात्र लाकडासारखा येत नाही. आणि किंमत? एका शाफ्टच्या पैशात गिअरची चांगली सायकल येते. आई-बाबांनो, घाबरू नका. ज्याला अजून चेंडू मधोमध मारता येत नाही, त्याला हा शाफ्ट काहीही शिकवणार नाही.

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स आठवा. १९५८ साली कलकत्त्यात ते हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. कार्बनची क्यू तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. वीसहून जास्त जागतिक किताब जिंकणारा पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मला, १९८५ साली.

माझा सल्ला विचाराल तर पहिली क्यू मेपलची, दोन तुकड्यांची, १९ औंसांची, १३ मिलिमीटर कातडी टिपेची. नक्षीकामाला पैसे देऊ नका, नक्षीनं चेंडू पॉकेटात जात नाही. पण ती दुकानात जाऊन, लोळवूनच घ्या. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, त्यामुळे मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आहे. तलासरीकरांना तेवढं आधी डहाणू गाठावं लागेल. घरबसल्या मागवायची असेल, तर वाकडी निघाल्यास परत घेणार का, हे आधी विचारा.

आणि टिप सांभाळा. चेंडूला क्यूचा फक्त तोच भाग लागतो! मिंगो नावाच्या एका फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी टोकाला कातडं लावलं आणि खेळच बदलला. कातडं गुळगुळीत झालं की ते घसरतं, म्हणून फटक्याआधी खडू लावायचा. हा खडू शाळेतला नव्हे हं. १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं, त्यात वाळूसारखे कठीण, खरखरीत कण असतात. टिप झिजून चपटी झाली, तर नवी बसवून घ्या. क्यू बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

डहाणूची हवा खारी आणि दमट. जून ते सप्टेंबर क्यू पेटीत बंद ठेवा, आडवी किंवा अगदी उभी, पण भिंतीला तिरकी नको. उन्हात तापलेल्या गाडीत तर अजिबात नको. खेळून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा. आणि खडू खिशात ठेवू नका. खिसा निळा झालाच, तर तो तुमचा तुम्ही धुवा!