विश्वाचं वय आणि आपली गृहीतकं

भिवंडीतल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, मागाला जसं सूत द्याल तसंच कापड उतरतं. गणिताच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. आजचा विषय तोच.

'अ‍ॅस्ट्रोपाय' हे खगोलशास्त्राचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. जगभरच्या अभ्यासकांनी ते २०११पासून मिळून उभं केलं. फुकट आहे, आणि आतली सूत्रं कोणालाही वाचता येतात. आम्ही तत्त्वज्ञानाचे, पहिल्या खेपेला सगळं एकत्र भरलं आणि जुना प्रोग्रॅम बंद पाडला. म्हणून आधी पायथन घ्या, त्यात 'व्हेन्व' या आज्ञेनं वेगळी खोली बांधा, ती चालू करा, मग 'पिप इन्स्टॉल अ‍ॅस्ट्रोपाय'. आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायच्या.

आता उदाहरण घरचंच घेऊ. २०१७मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या संशोधकांनी 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह शोधल्याचं जाहीर केलं. त्याची ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट, ०.२८. कॉस्मॉलॉजी विभागातलं 'प्लँक१८' हे प्रतिमान बोलवा आणि हा आकडा द्या. प्रकाशाला लागलेला काळ येतो सुमारे ३३४ कोटी वर्षं. आजचं अंतर मात्र सुमारे ११५७ मेगापार्सेक, म्हणजे ३७७ कोटी प्रकाशवर्षं. दोन आकडे वेगळे का? प्रकाश वाटेत असताना अवकाशही ताणत राहिलं म्हणून.

खरी गंमत पुढे आहे. त्याच प्रतिमानाला विश्वाचं वय विचारा. उत्तर येतं, सुमारे १३७९ कोटी वर्षं. तिथे हबल स्थिरांक ६७.६६ धरलाय. ताऱ्यांवरून आणि सुपरनोव्हांवरून मोजणारे तो ७३च्या आसपास सांगतात. द्रव्याचं प्रमाण तेच ठेवून फक्त हा आकडा ७३ करा. वय उतरतं सुमारे १२८० कोटींवर! एका आकड्यानं विश्व शंभर कोटी वर्षांनी तरुण झालं. यातलं खरं कोणतं, हा वाद अजून मिटलेला नाही.

संगणक दोन्ही वेळा बरोबरच होता. गृहीतक त्याचं नव्हतं, आपलं होतं. मुक्तस्रोताचं मोल आम्हाला इथे वाटतं. ते फुकट आहे ही सोय झाली. पण गृहीतक उघडं दिसतं, ही खरी गोष्ट. म्हणून उत्तर लिहिताना शेजारी प्रतिमानाचं नाव लिहायची सवय लावा. घरी जाऊन आज एवढं कराच.