पेशंट स्क्रीनवर, डॉक्टर टेन्शनवर!

वेळापूरकर, माहीत आहे का? डॉक्टरकीची परीक्षा आपल्या अर्धनारीनटेश्वरासारखी आहे! 2025 ची नीट-यूजी झाली कागदावर, पेनाने गोळे रंगवत. त्याच वर्षीची नीट-पीजी कॉम्प्युटरवर. अर्धं अंग पेन, अर्धं अंग माउस!

आता नीट-पीजीचा हिशेब. 200 प्रश्न, 5 सेक्शन. सेक्शनला 40 प्रश्न आणि 42 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 63 सेकंद! 'राहिलेलं नंतर बघू' चालत नाही, वेळ संपली की सेक्शन लॉक. बरोबर आलं तर 4, चुकलं तर उणे 1.

शिफ्टचा वाद तर थेट सुप्रीम कोर्टात! दोन शिफ्ट म्हणजे दोन पेपर, मग दोन्हींचे मार्क जुळवून घ्यायची, नॉर्मलायझेशनची कटकट. 30 मे 2025 ला कोर्टाने बजावलं, एकाच शिफ्टमध्ये घ्या. 15 जूनची परीक्षा गेली 3 ऑगस्टला.

पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजात, एएफएमसीत एमबीबीएसला जायचंय? मग नुसते नीटचे मार्क पुरत नाहीत, बॉस! कॉम्प्युटरवर टीओईएलआरही द्यायची. इंग्रजी, लॉजिक, रीझनिंग. 30 मिनिटांत 40 प्रश्न. बायोलॉजीचे रट्टे इथे बेकार.

आता परीक्षेतल्या पेशंटची गोष्ट. आपल्या सोलापूरचं डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेज 1963 चं. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेतल्या परीक्षेत अवतरला कागदी पेशंट! हवी ती तपासणी निवडा, तिच्यावरचं आवरण खरडा, खाली रिपोर्ट हजर. गंमत पुढेच आहे. जो जास्त खरडेल त्याला मार्क जास्त! मुरलेले डॉक्टर दोन-तीन तपासण्यांत रोग ओळखायचे आणि मार्कांत मागे पडायचे. 1980 च्या दशकाअखेर हा खेळ आटोपला.

1999 मध्ये पेशंट कॉम्प्युटरमध्ये शिरला. अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतल्या, म्हणजे यूएसएमएलई स्टेप 3 मधल्या या पेशंट-केसेसना ए-बी-सी-डी पर्यायच नाहीत. औषध, एक्स-रे, ॲडमिशन, सगळ्या ऑर्डरी स्वतः टाईप करा. घड्याळही तुम्हीच पुढे ढकलायचं. रिपोर्टची वाट बघत बसलात तर इकडे पेशंट बिघडतो! उगाच धोक्याची तपासणी केली की मार्क कट. 'सगळंच करून टाकू' म्हणणाऱ्यांची इथे वाट लागते.

एका केसवर का भागत नाही, माहीत आहे का? 1978 मध्ये एल्स्टाइन, शुलमन आणि स्प्राफ्का यांनी दाखवलं, की एक केस झकास सोडवणारा डॉक्टर दुसरीत चक्क गडबडू शकतो. छातीदुखीचा हिरो, पोटदुखीत झिरो! म्हणून स्टेप 3 मध्ये असे तब्बल 13 पेशंट.

आणि हो, 2023 मध्ये चॅटजीपीटीनेही यूएसएमएलईच्या प्रश्नांवर पासिंगच्या आसपास मजल मारली. क्लास न लावता!

आपल्या नीट-पीजीत मात्र अजून पर्यायांवरच क्लिक. आमचं मत विचाराल तर बिघडणारे, सुधारणारे दहा-बारा स्क्रीन-पेशंट इथेही हवेत. खऱ्या पेशंटला काय होतंय याचे चार पर्याय कुणी छापून देत नाही.