आधी दाब, मग स्क्रू

कार्यकारणभाव आज आपण एका जुन्या यंत्रावरून समजून घेऊ. बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक ही पद्धत १९७३ पासून युरोपीय मोटारींत आली. यातला 'के' हा 'सतत' या अर्थाच्या जर्मन शब्दाचा. इंजिन चालू असेतो पेट्रोल अखंड फवारलं जातं. किती, हे संगणक ठरवत नाही. आत येणारी हवा एक तबकडी उचलते, तबकडी प्लंजरला उचलते, आणि त्या प्रमाणात पेट्रोल सुटतं.

आता बघा, इथे दाब दोन आहेत. एक मुख्य दाब, बऱ्याच गाड्यांत ५ बारच्या आसपास. दुसरा नियंत्रक दाब. तो प्लंजरला वरून रेटतो. इंजिन गार असताना तो कमी असतो, म्हणून प्लंजर जास्त उचलला जातो आणि पेट्रोल जास्त मिळतं. इंजिन तापलं की तो साधारण साडेतीन बारपर्यंत चढतो.

समजा, तापलेलं इंजिन काळा धूर सोडतं. मोह कसला होतो? मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याचा. धूर जातोही! पण खरं कारण वेगळं असलं तर? रेग्युलेटरमधल्या पट्टीला तापवणारी वीज पोहोचत नसेल, तर नियंत्रक दाब चढतच नाही. मग आपण स्क्रूने पेट्रोल कमी केलेलं, आणि सकाळी गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. लक्षण झाकलं, कारण तसंच राहिलं.

जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती हेच सांगते: एका वेळी एकच गोष्ट बदला. वितरक आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये झडपेचं गेज जोडायचं. झडप बंद, तर मुख्य दाब दिसतो. उघडी, तर नियंत्रक दाब. मुख्य दाब आधी, कारण दुसरा त्याच पेट्रोलातून येतो. तो स्प्रिंगमागच्या चकत्यांनी जुळवतात. चकती जाड केली की दाब वाढतो. मग नियंत्रक दाब, गार आणि गरम दोन्ही वेळा. नंतर इंजिन बंद करून दाब किती टिकतो ते पाहायचं. भरकन उतरला, तर गरम इंजिन पुन्हा सुरू होताना त्रास देतं. स्क्रूची पाळी शेवटी. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावेत.

आणि एक, बरं का: इंजिन बंद असलं तरी नळीत दाब उरतो. इंजिन गार होऊ द्यावं, जोडावर फडकं धरून तो हळूच सैल करावा, जवळ ठिणगी नको. कारण शोधण्याची घाई इथे महागात पडते.