खेळकर पिल्लू, घरचा आधार

थेरपी डॉग, म्हणजे आजारी वा खचलेल्या माणसाला सोबतीने धीर देणारा कुत्रा, जन्मतःच शांत असावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी 1960च्या दशकात लिहिलं, की मिटून गेलेलं एक मूल त्यांच्या 'जिंगल्स' कुत्र्यामुळे खुललं. जिंगल्स स्वतःहून त्या मुलाकडे धावला होता. माणसांची ही ओढ खेळकर पिल्लात भरपूर असते. त्याला शिकवायचं ते फक्त थांबणं. खाऊ पाहून ते उडी मारतं तेव्हा मूठ मिटून ठेवा; चारही पाय जमिनीला टेकले, की लगेच उघडा. ओरडून दबवलेलं पिल्लू गप्प बसतं खरं, पण आतून घाबरलेलंच राहतं, आणि घाबरलेला कुत्रा आजारी आजीजवळ बसवणं धोक्याचं.

सुरतेत उधना-लिंबायतच्या दोन खोल्यांत हे कसं जमणार, असं कुणी विचारेल. जागेपेक्षा वय महत्त्वाचं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात भेटलेली माणसं आणि आवाज पिल्लू आपलेसे करतं. लसीकरण अपुरं म्हणून त्याला कोंडून ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, जिना दाखवा, यंत्रमागाची खडखड ऐकवा. उत्तरायणच्या पतंगोत्सवाचा गोंगाट मात्र आधी दुरूनच ऐकवा. रेबीजची लस पशुवैद्य सांगतील तेव्हा, न चुकता.