लुंबिनी-काठमांडूची धम्मयात्रा रेल्वे-बसने : घरातील ज्येष्ठांची प्रकृती कशी सांभाळाल?



वर्षावास संपत आला की मुर्धा, राई, मोर्वा या आपल्या पट्ट्यात लुंबिनीला जाण्याची बोलणी सुरू होतात. टूरचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत, म्हणून चार-पाच घरे मिळून रेल्वे आणि बसने जायचे ठरवतात. आणि मग आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो : "आईला शुगर आहे, बाबांना बीपी आहे. नेपाळ म्हणजे सगळे डोंगर. न्यावे की नको?"

डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल, तर जरूर न्यावे. आजवर लहान गटांबरोबर या वाटेने जाताना आम्ही जे पाहिले, त्यात आपल्या ज्येष्ठांना डोंगराच्या उंचीने फारसे सतावलेले नाही. त्रास होतो तो सलग दहा-बारा तास बसमध्ये बसल्याने, पाणी न प्यायल्याने आणि गोळ्या चुकल्याने. म्हणून एका दिवशी एकच टप्पा, एवढे पथ्य पाळावे. रजा दोन दिवस जास्त लागली तरी चालेल.

आधी उंचीचा हिशोब पाहू. लुंबिनी डोंगरात नाहीच. ती तराईच्या सपाट प्रदेशात, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर आहे. पोखरा सुमारे आठशे मीटर, काठमांडू सुमारे चौदाशे मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे खाडीकाठी आयुष्य काढलेल्या मुर्ध्याच्या माणसालाही काठमांडूत उंचीमुळे धाप लागायचे कारण नाही. तिथे धाप लागली तर ती छातीची किंवा रक्तक्षयाची तक्रार असू शकते, आणि ती घरीच तपासून घ्यायला हवी. निघण्याच्या महिनाभर आधी रोज चालायला लागा. भाईंदर स्टेशनचा पादचारी पूल न थांबता चढून पाहा. एका रविवारी बोरीवलीच्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढून या. छातीत दाब आला, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तिकीट काढण्याआधी ईसीजी आणि हिमोग्लोबिन करून घ्यावे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. मधुमेह जुना होता, पायांच्या दुखण्याने चालणे अवघड झाले होते. ते विमानाने गेले आणि सोबत माईसाहेब होत्या, ज्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्यासोबत डॉक्टर नसतो, निदान कागद तरी असावा. प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा : नाव, वय, आजार, गोळ्यांची मूळ औषधी नावे आणि मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, रक्तगट, घरचा फोन नंबर. गोळ्यांचे कंपनीचे नाव सीमेपलीकडे वेगळे असू शकते, मूळ औषधाचे नाव मात्र तेच राहते.

ऋतूबद्दल आमचे मत ठाम आहे. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरी रस्त्यावर जाऊ नये. १२ जुलै २०२४ रोजी नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस प्रवाशांसह त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यानंतर २३ ऑगस्टला तनहुँ जिल्ह्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातील भाविकांची बस मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायला सांगितले, ते आपणही पाळायला हरकत नाही. आश्विन पौर्णिमेनंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. मात्र नेपाळात दसैं, म्हणजे आपल्याकडचा दसरा, मोठा सण असतो. त्याच्या आगेमागे बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत असावे असे प्रत्येकाला वाटते, पण तेव्हा तिथे पारा चाळिशीकडे जातो. हृदयरोगी आणि सत्तरीपुढची माणसे यांनी तो मोह टाळलेला बरा.

आता वाट. भाईंदरहून लोकलने बोरीवली आणि तिथून अवध एक्सप्रेस, किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेस. दोन्ही गोरखपूरला नेतात. गाडीत दोन रात्री धरून चाला. खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर तो मिळतो. म्हणून आई-बाबांचे तिकीट वेगळे काढावे, सगळ्या कुटुंबाच्या तिकिटात घालू नये. दर दोन तासांनी डब्यात एक फेरी मारावी. बसल्या जागी घोटे गोल फिरवावेत, टाचा उचलाव्यात. पायात रक्त साकळू नये म्हणून हे करायचे. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली तर ती चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोरखपूरला उतरल्या उतरल्या पुढची बस पकडू नका. तिथे मुक्काम करा, किंवा पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कुशीनगरला जाऊन महापरिनिर्वाण स्थळाचे दर्शन घ्या आणि तिथे झोपा. दुसऱ्या दिवशी गोरखपूरहून सोनौलीची बस. तीन तासांच्या आसपास लागतात.

सीमा पायी ओलांडायची असते. व्हिसा लागत नाही. निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवा. प्रौढांना केवळ आधार कार्डावर अवलंबून राहता येत नाही. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा, मोठ्या नोटांबाबतचे तिथले नियम बदलत असतात. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेचे कार्ड सीमेपलीकडे चालत नाही, म्हणून थोडा प्रवासी विमा काढावा. शनिवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा औषधे शुक्रवारीच पाहून ठेवावीत. रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पोलिसांसाठी १०० हे नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एक सोय मात्र मोठी आहे. पाट्या देवनागरीत असतात. शिकलेली आपली आजी 'अस्पताल', 'शौचालय', 'औषधि पसल' स्वतः वाचू शकते. पसल म्हणजे दुकान. कंडक्टरला 'दाइ' म्हणा, म्हणजे दादा. बाईमाणूस असेल तर 'दिदी'. 'वान्ता' म्हणजे उलटी, एवढा शब्द कळला की बस थांबते.

सोनौलीहून भैरहवा अगदी जवळ, आणि भैरहवाहून लुंबिनी सुमारे २२ किलोमीटर. इथे दोन रात्री राहा. कोरियन विहारात यात्रेकरूंची राहण्याची सोय असते. परिसर मैलोगणती पसरलेला आहे. सगळा पायी फिरायचा हट्ट ज्येष्ठांनी करू नये, बॅटरी रिक्षा मिळते. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभाच्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि मधुमेहींनी इथे विशेष जपायचे आहे. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तापलेली फरशी कळत नाही. फोड येतो, तो दिसत नाही, आणि घरी येईपर्यंत त्याची जखम होते. जाड सुती मोजे घालून जावे, शक्यतो सकाळी लवकर जावे, आणि रात्री घरातल्या कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. आम्ही हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी श्रद्धेपोटी अनवाणीच चालतो. अनवाणी भाजून घेतल्याने पुण्य वाढते असे तथागतांनी कुठे सांगितले आहे? संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम हवेच, तराईत डास फार.

खरा कसोटीचा दिवस भैरहवा ते काठमांडू. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण रस्त्याचे काम, ट्रकच्या रांगा आणि वळणे यामुळे दहा तासही लागतात, कधी जास्त. रात्रीची बस स्वस्त वाटते, आम्ही तिच्या विरोधात आहोत. दिवसाउजेडी प्रवास करा आणि तोही दोन भागांत. पहिला दिवस बुटवलमार्गे नारायणघाट-भरतपूर. तिथे मोठी रुग्णालये आहेत, हॉटेले आहेत, मुक्कामाला तेच योग्य ठिकाण. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून मुगलिंगमार्गे काठमांडू. मुगलिंगच्या पुढे शंभरएक किलोमीटर नदीकाठचा वळणांचा रस्ता आहे.

या दिवशी आमच्या बायाबापड्या पाणी प्यायचे सोडतात. लघवीला कुठे जायचे, हीच धास्ती. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही गुपचूप टाळतात. दोन्ही धोक्याचे आहे. पाणी कमी पडले की चक्कर येते, लघवीत जळजळ सुरू होते. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यायची का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे, मनाने बंद करू नये. बसमध्ये चढण्याआधी दोन-तीन जणींनी मिळून ड्रायव्हरला सांगावे की दर दोन तासांनी शौचालयाजवळ थांबा. एकटीला बोलायला संकोच वाटतो, गटाने बोलले की ऐकले जाते. सीलबंद किंवा उकळलेले पाणी घोटघोट प्यावे. ओआरएसची पाकिटे घ्या, मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते, अर्धे पाकीट पेल्यात टाकून पिऊ नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी नियम एकच : ताट समोर आल्याशिवाय सुई टोचू नये. बस जेवायला अकराला थांबेल असे कंडक्टर सांगतो, वाटेत ट्रॅफिक अडते आणि एक वाजतो. सुई आधीच घेतलेली असेल तर हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस बरळतो. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे, मग बिस्किटे किंवा भात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. साखरेची पुडी खिशात हवी, टपावरच्या बॅगेत नव्हे. इन्सुलिनही हातातल्या पिशवीतच ठेवावे. वापरात असलेली कुपी किंवा पेन ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या छोट्या मडक्यात ठेवले तरी गारवा राहतो. बर्फाला थेट लावू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सगळ्या औषधांचे दोन वाटे करून दोन वेगळ्या माणसांकडे द्यावेत.

गाडी लागणाऱ्यांनी चाकांच्या पुढची जागा मागावी, समोर रस्त्याकडे पाहावे, मोबाइल पाहू नये. रिकाम्यापोटी बसू नये आणि तळलेलेही खाऊ नये. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळांना बरे वाटते. उलटीची गोळी अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काठमांडूत बौद्धनाथ स्तूपाभोवतीची वाट सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांना ती मानवते. स्वयंभू स्तूपाला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूने वाहन बरेच वर जाते, ज्येष्ठांना तिकडून न्यावे. माकडांना खाऊ दाखवू नये. माकड किंवा कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

बरेच टॅक्सीवाले पोखऱ्याहून मुक्तिनाथला चला म्हणून मागे लागतात. ती जागा ३,७०० मीटरच्या वर आहे. आठशे मीटरवरून एका दिवसात तिथे पोहोचणे ही शरीरावर जबरदस्ती आहे. आपल्या यात्रेत ते आवश्यकही नाही. तरी तरुण मंडळी जाणारच असतील तर वाटेत जोमसोमच्या अलीकडे-पलीकडे मुक्काम करत जा. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे सुरू झाले की वर चढणे थांबवा. बसल्या जागी धाप, तोल जाणे, बडबडणे यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी खाली उतरवा. ॲसिटाझोलामाइडची गोळी मिळते, पण ती निघण्याआधी डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यावी.

परतीच्या प्रवासातही भरतपूरचा मुक्काम वगळू नका. घरी जायची ओढ असते आणि सगळ्यात जास्त माणसे तेव्हाच आजारी पडतात. मुर्ध्याला आल्यावर पहिल्या आठवड्यात शुगर आणि बीपी तपासून घ्या. महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा की आम्ही गोरखपूर आणि नेपाळच्या तराईत राहून आलो आहोत. मग मलेरिया, डेंग्यूची तपासणी पहिल्याच दिवशी होते.