कोंबडीची जात कोणती?

आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त नांदेडला बँकेत. मागे एक मावशी कोंबडीपालनाच्या कर्जाचा अर्ज घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. अर्जात 'पक्ष्यांची जात' असा रकाना होता. मावशींनी विचारले, "साहेब, हितं कोंबडीची जात लिहायची का आमची?" आम्ही 'गावठी' असे लिहिले. शेजारचे सहकारी म्हणाले, "गावठी म्हणजे बिनजातीची!" ते मनाला लागले, म्हणून कोंबडीचा वंश धुंडाळला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. सर्व कोंबड्या त्या एकाच्याच, असे डार्विनचे मत होते. २०२० साली ८६३ पक्ष्यांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, तेव्हा नैऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातला तांबडा रानकोंबडा पाळीव कोंबडीस सर्वांत जवळचा ठरला. २०२२ च्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातील आहेत. माणूस धान्य पिकवू लागला, सांडलेल्या दाण्यांमागे रानपक्षी वस्तीत आला आणि तिथेच राहिला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. कातडीतले एक जनुक मंद झाले की मका व हिरव्या पाल्यातील पिवळे द्रव्य तिथे साठते. २००८ साली सिद्ध झाले की हा गुण तांबड्याचा नव्हे. तो प्रामुख्याने राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा व दक्षिण भारताचा रहिवासी. म्हणजे परदेशी 'जातिवंत' कोंबडीच्या पिवळ्या पायांतही आपल्याकडच्या रानाचा वाटा आहे!

तेव्हा निर्भेळ वंश कोणाचा? मिसळ होत होतच कोंबडी जगभर पसरली. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या जातींचा खुडूक बसण्याचा गुण माणसाने जवळजवळ घालवला. त्यांची पिल्ले यंत्रात उबवावी लागतात. गावठी कोंबडी मात्र उकिरड्यावर पोट भरते, स्वतः अंडी उबवते आणि भूमिहीन घरातल्या बाईच्या हाती चार पैसे देते.

सुधारित पक्षी जरूर पाळावेत; पण दारची गावठी कोंबडी मोडू नये. एकदा गेलेला गुण कोणत्याही कर्जाने परत मिळत नाही. आणि 'गावठी' हा शब्द त्या रकान्यात यापुढे आम्ही ठळक अक्षरात लिहू.